आरंभीच्या मानवी रॉकेटांच्या प्रतिकृती

मानवाला अवकाशात नेणाऱ्या पहिल्या रॉकेटांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती घडवण्याच्या छंदाचा इतिहास बहुधा प्लास्टिकच्या खेळण्यांच्या इतिहासातले एक लहानसे प्रकरण म्हणून सांगितला जातो. परंतु या प्रतिकृती कोणत्या वर्षी, कोणत्या देशात आणि कोणत्या माहितीच्या आधारे घडल्या हे तपासले, तर शीतयुद्धाच्या काळात राज्यसंस्थांनी काय दाखवले आणि काय झाकून ठेवले याची बरीच नेमकी नोंद त्यांत सापडते. १९६१ आणि १९६२ या दोन वर्षांत तीन प्रकारच्या रॉकेटांवरून माणसे अवकाशात गेली : सोव्हिएत संघाचे व्होस्तोक आणि अमेरिकेची मर्क्युरी-रेडस्टोन व मर्क्युरी-अॅटलास. यांपैकी अमेरिकी रॉकेटांचे बाह्यरूप माणूस त्यांत बसण्याच्या आधीच जगाने पाहिले होते, तर सर्वांत आधी माणसाला घेऊन गेलेल्या व्होस्तोकचे खरे रूप पुढे सहा वर्षे सार्वजनिकरीत्या कोठेही उघड झाले नाही. प्रतिकृतिकाराच्या हाताचे कसब तिन्ही ठिकाणी लागतेच. निराळा होता तो त्याच्यापर्यंत पोहोचू दिलेला पुरावा.

प्रमाणबद्ध प्रतिकृती म्हणजे मूळ वस्तूची प्रत्येक मिती एकाच गुणोत्तराने लहान करून घडवलेली वस्तू. या छंदात रूढ झालेली गुणोत्तरे दशमान पद्धतीत वाढलेल्या वाचकाला विचित्र वाटतात, कारण त्यांचे मूळ फूट-इंचांच्या मापनात आहे : १/४८ या प्रमाणात मुळातला एक फूट पाव इंचात बसतो, १/९६ मध्ये तो इंचाच्या आठव्या भागात बसतो आणि १/१४४ मध्ये मुळातले बारा फूट एका इंचात मावतात. सुमारे २५.३ मीटर उंचीचे मर्क्युरी-रेडस्टोन १/१४४ प्रमाणात साडेसतरा सेंटिमीटरांचे होते, २९ मीटरांचे मर्क्युरी-अॅटलास वीस सेंटिमीटरांचे, तर ३८ मीटरांहून थोडे उंच असलेले व्होस्तोक साडेसव्वीस सेंटिमीटरांच्या आसपास जाते. पुढच्या पिढीतले ११० मीटरांचे सॅटर्न-५ मात्र त्याच प्रमाणात पाऊण मीटर ओलांडते. त्यामुळे ही सगळी रॉकेटे एका फळीवर शेजारी शेजारी उभी करून त्यांची तुलना करायची असेल, तर १/१४४ हे प्रमाण सोयीचे ठरते. त्याची किंमत तपशिलात मोजावी लागते. मर्क्युरीच्या अवकाशकुपीवर, म्हणजे अंतराळवीर ज्यात बसे त्या शंक्वाकार कोठडीवर, एक निसटमनोरा असे. रॉकेटात बिघाड झाल्यास कुपीला ओढून दूर नेणारे छोटे रॉकेट या तीन पायांच्या जाळीदार मनोऱ्याच्या टोकाला बसवलेले असे. या मनोऱ्याच्या नळ्या १/१४४ प्रमाणात मिलिमीटरच्या लहानशा अंशाएवढ्या बारीक व्हायला हव्यात, आणि साच्यात दाबाने वितळलेले प्लास्टिक भरून इतके बारीक भाग काढता येत नाहीत. म्हणून तयार किटमधला, म्हणजे सुट्या भागांच्या विकत मिळणाऱ्या संचातला, मनोरा जवळजवळ नेहमीच जाडजूड असतो आणि काटेकोर कारागीर तो फेकून देऊन पितळेच्या तारा डाखाने जोडून नवा करतो.

या छंदाची एक गंमत अशी, की रॉकेटांच्या आधी त्यांची किटे आली. १९५२ ते १९५४ या काळात अमेरिकेतल्या ‘कॉलियर्स’ साप्ताहिकाने रॉकेटतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अवकाशप्रवासाच्या कल्पना सचित्र लेखमालेतून घरोघरी नेल्या, १९५५ मध्ये डिस्नेच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने त्याच कल्पनांना चलत्‌चित्रांचे रूप दिले, आणि प्लास्टिक किटांच्या धंद्याला एक नवा विषय सापडला. कॅलिफोर्नियातील व्हेनिस येथील रेव्हेल कंपनीने १९५७ मध्ये ‘एक्सएसएल-०१’ नावाचे मानवी अवकाशयान बाजारात आणले आणि मोनोग्राम कंपनीने १९५९ मध्ये विज्ञानलेखक विली ले यांच्या आराखड्यांवरून अवकाशवाहनांची एक मालिका काढली. जे यान कधी बांधलेच गेले नाही त्याची ‘प्रमाणबद्ध’ प्रतिकृती करणे तर्काच्या कसोटीवर टिकणारे नाही. तरीही या किटांमुळे पल्लेदार रॉकेट, टप्पे वेगळे होणे, पुनःप्रवेश यांसारख्या संकल्पना शाळकरी मुलांच्या हातांपर्यंत गेल्या, आणि खरी रॉकेटे आली तेव्हा ती जोडायला गिऱ्हाईक तयार होते.

खेळण्यांच्या दुकानापासून दूर आणखी दोन प्रकारच्या प्रतिकृती घडत होत्या. एक प्रकार अभियंत्यांचा : वातबोगद्यात, म्हणजे वेगवान हवेचा झोत सोडून वस्तूवरील हवेचे परिणाम मोजण्याच्या सोयीत, ठेवण्यासाठी घडवलेल्या धातूच्या लहान प्रतिकृती. एच. ज्युलियन अॅलन यांनी पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी मांडलेला विचार असा, की वातावरणात परतणाऱ्या वस्तूचे तोंड टोकदार नसून बोथट असावे, कारण बोथट तोंडापुढे तयार होणारा आघाततरंग बरीचशी उष्णता वस्तूपासून दूर ठेवतो. हा विचार पुढे मॅक्सिम फॅजे यांच्या मर्क्युरी कुपीच्या आराखड्यात उतरला, आणि तिथवरच्या वाटचालीत अशा प्रतिकृतींवर झालेल्या चाचण्यांचा वाटा मोठा होता. दुसरा प्रकार कंत्राटदार कंपन्यांचा : अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि पत्रकार यांच्या टेबलावर ठेवण्यासाठी बनवून घेतलेल्या देखण्या, बैठकीवर बसवलेल्या प्रतिकृती, ज्यांत ओहायो राज्यातल्या टॉपिंग या कंपनीचे काम आज संग्राहकांना विशेष प्रिय आहे. कंत्राट मिळवण्याच्या काळात केलेली अशी प्रतिकृती पुष्कळदा आराखड्याची जुनी अवस्था दाखवते आणि नंतर प्रत्यक्ष बांधलेल्या यानाशी तिचे तपशील जुळत नाहीत, ही गोष्ट तिला पुरावा मानणाऱ्याने ध्यानात ठेवावी लागते.

अमेरिकेचा मर्क्युरी कार्यक्रम जगाच्या डोळ्यांदेखत चालला, आणि हा खुलेपणा धोरणाचा भाग होता. रेडस्टोन आणि अॅटलास ही दोन्ही मुळात लष्करी क्षेपणास्त्रे होती; त्यांची अंतर्गत यंत्रणा गोपनीय असली तरी बाह्यरूप झाकण्याचा प्रयत्न झाला नाही, आणि किट बनवणाऱ्यांना वृत्तसंस्थांची छायाचित्रे व कंपन्यांची प्रसिद्धिचित्रे सहज मिळत. रेव्हेलने १९६२ मध्ये १/११० प्रमाणातले मर्क्युरी-अॅटलास बाजारात आणले तेव्हा जॉन ग्लेन यांच्या पृथ्वीप्रदक्षिणेची बातमी अजून ताजी होती. हा खुलेपणा सर्वांनाच रुचत होता असे नाही. याच कंपनीने त्याच सुमारास काढलेल्या ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या पोलॅरिस क्षेपणास्त्रवाहू पाणबुडीच्या किटमधून शत्रूला फुकट माहिती मिळते, अशी तक्रार अमेरिकी अणुपाणबुड्यांचे शिल्पकार अॅडमिरल हायमन रिकोव्हर यांनी १९६१ मध्ये केली होती. तिच्यात तथ्य किती होते हा प्रश्न वेगळा. पण खेळण्याच्या खोक्यातला तपशील गुप्त ठेवण्याजोगा असू शकतो हे एका नौदल अधिकाऱ्याला जाहीरपणे म्हणावेसे वाटले, यातच या धंद्याच्या अचूकतेची पावती आहे.

मर्क्युरीच्या प्रतिकृतीत खरी कसोटी लागते ती दोन उड्डाणांतला फरक दाखवताना, कारण ‘मर्क्युरी-रेडस्टोन’ नावाची कोणती एकच वस्तू नव्हती. ५ मे १९६१ रोजी अॅलन शेपर्ड यांना पंधरा मिनिटांच्या उपकक्षीय उड्डाणावर, म्हणजे पृथ्वीप्रदक्षिणा न करता वर जाऊन खाली येणाऱ्या उड्डाणावर, नेणाऱ्या ‘फ्रीडम ७’ या कुपीला मोठी खिडकी नव्हती. तिला दोन लहान गोल गवाक्षे होती आणि बाहेरचे दृश्य पाहण्यासाठी परिदर्शक होता. २१ जुलै १९६१ रोजी गस ग्रिसम यांना घेऊन उडालेल्या ‘लिबर्टी बेल ७’ ला मात्र अंतराळवीराच्या डोळ्यांसमोर समलंब चौकोनी खिडकी होती, स्फोटक खिळ्यांनी उघडणारे नवे दार होते, आणि तिच्या अंगावर फिलाडेल्फियातल्या प्रसिद्ध घंटेच्या तड्याची आठवण म्हणून एक पांढरा तडाही रंगवलेला होता. खालच्या रॉकेटबाबतही असाच घोटाळा होतो. मर्क्युरीसाठी वापरलेल्या रेडस्टोनच्या टाक्या मूळ क्षेपणास्त्रापेक्षा लांब केलेल्या होत्या, जेणेकरून इंजिन सुमारे वीस सेकंद अधिक चालावे. त्यामुळे क्षेपणास्त्राच्या किटवर कुपी चिकटवून तयार केलेली प्रतिकृती, कितीही सफाईने रंगवली तरी, बुटकी आणि चुकीची ठरते. पांढऱ्या अंगावरचे काळे पट्टे ही त्याच परंपरेतली आणखी एक अडचण. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन व्ही-२ पासून चालत आलेली ही रंगपद्धती सजावटीची नसून मोजमापाची होती : रॉकेट स्वतःच्या आसाभोवती किती फिरले हे चित्रफितीवरून कळावे यासाठी काळे-पांढरे भाग ठरावीक जागी रंगवत, आणि म्हणून ते एखाद्या मिलिमीटरने सरकले तरी जाणकाराच्या नजरेत भरते.

अॅटलासचा प्रश्न निराळा आहे, कारण त्याचे सौंदर्यच त्याच्या पत्र्यात आहे. या रॉकेटाच्या टाक्या न रंगवलेल्या, मिलिमीटरहूनही पातळ अशा पोलादी पत्र्याच्या होत्या आणि आतल्या वायूच्या दाबाशिवाय त्या स्वतःचा भार पेलू शकत नसत. दाब गेला की टाकी कोसळे. न गंजणाऱ्या पोलादाची ही चकाकी प्लास्टिकवर आणण्यासाठी कोणी धातुरंग फवारतात, तर कोणी पातळ धातूचा वर्ख पट्ट्यापट्ट्यांनी चिकटवून प्रत्येक पट्टी वेगळ्या दिशेने घासतात, म्हणजे प्रकाश खऱ्या सांध्यांवर पडल्यासारखा तुटतो. त्यातही रॉकेट भरलेले दाखवायचे की रिकामे, हे आधी ठरवावे लागते. उणे १८३ अंशांच्या द्रव ऑक्सिजनाने भरलेल्या टाकीवर दमट हवेतले पाणी गोठून पांढरा थर जमतो, आणि उड्डाणाच्या सकाळच्या छायाचित्रांत वरचा भाग पांढरा दिसतो तो या हिमामुळे, रंगामुळे नव्हे. जुलै १९६० मधल्या पहिल्या मर्क्युरी-अॅटलास चाचणीत रॉकेट हवेत मोडल्यावर पुढच्या, फेब्रुवारी १९६१ मधल्या, उड्डाणासाठी त्याच्या वरच्या भागाभोवती पोलादी पट्टा आवळण्यात आला. नंतरच्या रॉकेटांना जाड पत्रा वापरल्याने त्याची गरज उरली नाही. अशा रीतीने तो पट्टा एकाच उड्डाणाची खूण झाला, आणि ग्लेन यांच्या २० फेब्रुवारी १९६२ च्या रॉकेटावर तो दाखवणारी प्रतिकृती आपोआप बाद ठरते. ‘फ्रेंडशिप ७’ हे नाव तर ग्लेन यांच्या आग्रहावरून सिसिलिया बिबी या चित्रकर्तीने कुपीवर हाताने रंगवले होते, त्यामुळे छापील अक्षरवळणाने ते प्रतिकृतीवर उमटवता येत नाही.

सोव्हिएत संघातली कथा याच्या नेमकी उलट आहे. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केल्यावर त्यांचा चेहरा काही तासांत जगभर गेला, परंतु त्यांच्या रॉकेटाचे चित्र गेले नाही, आणि ते घडवणाऱ्या सर्गेई करल्योव यांचे नाव जानेवारी १९६६ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतरच सर्वसामान्यांना कळले. जुलै १९६१ मध्ये मॉस्कोजवळच्या तुशिनो येथील हवाई प्रदर्शनात व्होस्तोक म्हणून जी वस्तू दाखवण्यात आली, तिच्यात रॉकेटाचा शेवटचा टप्पा आणि गोलाकार यान झाकणारे टोपण खरे होते. मात्र मागच्या बाजूला आठ पंखांचा एक शेपटीचा भाग जोडलेला होता, जो प्रत्यक्ष उड्डाणात कधीच नव्हता. हीच बनावट शेपटी स्मरणार्थ काढलेल्या टपाल तिकिटांवरही अवतरली. १९६१ च्या अखेरीस गागारिन भारतदौऱ्यात मुंबईला आले तेव्हा त्यांना पाहायला लोटलेल्या गर्दीपैकी कोणाला त्यांच्या रॉकेटाचे चित्र काढायला सांगितले असते, तर ते याच तिकिटांसारखे आले असते, आणि त्या वेळी लंडन किंवा न्यूयॉर्कमधल्या जाणकार प्रतिकृतिकाराचीही स्थिती याहून फारशी बरी नव्हती. लपवाछपवीला कारण होते : व्होस्तोकचे खालचे टप्पे म्हणजे आर-७ हे आंतरखंडीय क्षेपणास्त्रच होते. यानाबाबतही मौन होते. गागारिन सुमारे सात किलोमीटर उंचीवर आसनासह बाहेर फेकले जाऊन वेगळ्या छत्रीने उतरले ही गोष्ट विक्रमाच्या नियमांमुळे कित्येक वर्षे मान्य केली गेली नाही.

पडदा दोन टप्प्यांत उठला. १९६५ मध्ये मॉस्कोत व्होस्तोक यान, म्हणजे २.३ मीटर व्यासाचा तो गोल आणि त्यामागचा यंत्रकक्ष, प्रदर्शित झाले, आणि १९६७ च्या पॅरिस हवाई प्रदर्शनात ल बुर्जे विमानतळावर पूर्ण आकाराचे रॉकेट मांडले गेले. तोपर्यंत आर-७ हे क्षेपणास्त्र म्हणून कालबाह्य होऊन सेवेतून निघण्याच्या बेतात होते, तेव्हा गुपित जपण्यातला लष्करी लाभही संपत आला होता. पाश्चात्त्य तज्ज्ञांना जे दिसले ते त्यांच्या बहुतेक अंदाजांहून वेगळे होते : एकावर एक रचलेल्या टप्प्यांऐवजी मधल्या गाभ्याला बाहेरून टेकलेली चार शंक्वाकार पूरक रॉकेटे, आणि तळाशी नॉझलांची, म्हणजे इंजिनातला झोत बाहेर सोडणाऱ्या मुखांची, दाटी. गाभ्याच्या आणि प्रत्येक पूरक रॉकेटाच्या इंजिनाला चार-चार मुख्य नॉझले मिळून वीस, त्याशिवाय दिशा सांभाळणारी छोटी नॉझले पूरक रॉकेटांना दोन-दोन आणि गाभ्याला चार, म्हणजे बारा, एकूण बत्तीस. इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीचे १/१४४ प्रमाणातले व्होस्तोक या प्रदर्शनानंतरच शक्य झाले.

व्होस्तोक घडवणे हे रेडस्टोनपेक्षा कितीतरी अवघड, आणि खरे तर अधिक आनंदाचे काम आहे. रेडस्टोन किंवा अॅटलाससाठी योग्य व्यासाचे नळकांडे सापडले की निम्मे काम झाले. व्होस्तोकमध्ये सरळ नळकांडे असे जवळजवळ नाहीच. पूरक रॉकेटे खालून वर निमुळती होत जातात, गाभा मात्र त्यांच्या टोकांपाशी सर्वांत रुंद असून तिथून वर आणि खाली अरुंद होतो, आणि त्यामुळे प्रत्येक भाग लेथवर कातावा लागतो किंवा कागदाचा शंकू वळून, त्यावर भरणी घालून, पॉलिशपेपरने घासून काढावा लागतो. गाभा आणि शेवटचा टप्पा यांच्यामध्ये उघड्या सळयांची जाळी आहे, कारण वरच्या टप्प्याचे इंजिन खालचा टप्पा सुटण्यापूर्वीच पेट घेई आणि त्याच्या झोताला बाहेर पडायला वाट हवी होती; ही जाळी भरीव दाखवणाऱ्या प्रतिकृतीतून रॉकेटाच्या कार्यपद्धतीचा एक मोठा भागच गळून पडतो. टोपणाच्या एका बाजूला मोठे भोक ठेवलेले असे ते तळावर किंवा आरंभीच्या क्षणांत संकट आल्यास अंतराळवीराचे आसन बाहेर फेकता यावे म्हणून.

स्थिर प्रतिकृतींच्या शेजारी उडणाऱ्या प्रतिकृतींची वेगळी शाखा वाढली. नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक येथील जोड्यांचे व्यापारी ऑर्व्हिल कार्लाइल यांनी आपल्या भावाच्या साहाय्याने १९५४ मध्ये काळ्या दारूवर चालणारे, बदलता येणाऱ्या इंजिनाचे कागदी रॉकेट तयार केले. व्हाइट सँड्स या क्षेपणास्त्र-चाचणी तळावर काम केलेले अभियंते जी. हॅरी स्टाइन यांनी १९५७ मध्ये त्याला धंद्याचे आणि संघटनेचे रूप दिले. आणि त्यानंतर कोलोरॅडोतल्या व्हर्नन एस्टेस यांनी इंजिने बनवणारे यंत्र उभारून ती स्वस्त केली. स्पुतनिक उपग्रहानंतर घरच्या घरी धातूच्या नळीत दारू ठासून स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांची संख्या पाहता या कागदी रॉकेटांनी केलेले काम केवळ करमणुकीचे नव्हते. पण खऱ्या रॉकेटाचे लहान रूप उडवताना भौतिकशास्त्र आडवे येते. अॅटलासला पंख नव्हते, कारण त्याची दिशा वळणाऱ्या इंजिनांनी सांभाळली जाई. रेडस्टोनला लहान पंख असले तरी खरे नियंत्रण झोतात बसवलेल्या ग्रॅफाइटच्या पात्यांचे होते. प्रतिकृतीत अशी यंत्रणा नसते, म्हणून तिचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या केंद्रापुढे ठेवण्यासाठी टोकात वजन घालावे लागते आणि अॅटलाससारख्या रॉकेटाला पारदर्शक प्लास्टिकचे पंख जोडावे लागतात, जे दुरून दिसत नाहीत आणि जवळून पाहणाऱ्याला हमखास खटकतात.

आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाने या छंदाला मान्यता दिल्यावर १९७२ मध्ये युगोस्लाव्हियातील व्हर्शाट्स येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि प्रमाणबद्ध प्रतिकृतींच्या गटात स्पर्धकाने मूळ रॉकेटाची रेखाचित्रे, मापे आणि छायाचित्रे स्वतः सादर करण्याची पद्धत रुजली. परीक्षक आधी वस्तू पुराव्याशी ताडून पाहतात, मगच ती उडते. या अटीने प्रतिकृतिकाराला एका प्रकारच्या रॉकेटाऐवजी एका विशिष्ट उड्डाणाच्या रॉकेटाशी बांधून टाकले, आणि आधी हौसेने चालणारे शोधकार्य आवश्यक ठरले. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर रशियन चित्रफिती आणि कागदपत्रे हळूहळू उपलब्ध होऊ लागली, तेव्हा त्यांचे आतुर वाचक केवळ इतिहासकार नव्हते. नंतर कोरीव पितळी पत्रे, रेझिनचे ओतीव भाग आणि त्रिमितीय छपाई यांनी बारीक जाळ्या व नॉझले सोपी केली, पण पुराव्याचा प्रश्न त्यांनी सुटला नाही. मॉस्कोच्या आणि कालुगाच्या प्रदर्शनांत उभी असलेली व्होस्तोक रॉकेटे उघड्यावर राहून पुन्हा पुन्हा रंगवली गेली आहेत, म्हणून आकारासाठी ती उपयोगी असली तरी गागारिन यांच्या रॉकेटाचा रंग ठरवायला जुन्या चित्रफितीच गाठाव्या लागतात, आणि जुनी रंगीत फीत स्वतःच कालांतराने रंग बदलते.

‘लिबर्टी बेल ७’ च्या बाबतीत हा पेच आणखी ठळक आहे. उतरल्यावर दार अकाली उघडल्याने ती कुपी १९६१ मध्ये अटलांटिकमध्ये बुडाली आणि जवळजवळ पाच किलोमीटर खोलीवरून १९९९ मध्ये वर काढण्यात आली. अडतीस वर्षे ज्यांच्यापाशी केवळ छायाचित्रे होती त्या प्रतिकृतिकारांना कॅन्ससमधल्या हचिन्सन येथे झालेल्या जीर्णोद्धारानंतर मूळ वस्तू पाहता आली, खिडकी-दारांच्या जागा आणि पत्र्याच्या पन्हळ्या तिच्यावरून पडताळता आल्या. खाऱ्या पाण्यात इतकी वर्षे राहिलेल्या पत्र्यावरून मूळ रंगाची छटा मात्र ठरवता येत नाही, आणि त्यासाठी अजूनही जुलै १९६१ मध्ये केप कॅनाव्हेरलला घेतलेली छायाचित्रेच समोर ठेवली जातात.